कादंबरीतला ऑटिस्टिक मुलगा मोठा होतो, म्हणजे नेमकं काय होतं?

सुभाषनगरकर | शनिवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय आज मांडतोय. थोडं लांबेल. दोन कादंबऱ्यांचं कथानक उघड होणार आहे, ज्यांना वाचायच्या आहेत त्यांनी जपून पुढे जावं.

माझा धाकटा मुलगा सोळा वर्षांचा आहे. ऑटिस्टिक आहे, म्हणजे आवाज, स्पर्श, माणसांशी बोलणं हे सगळं त्याच्या मेंदूला वेगळ्या रीतीने जाणवतं. चौथ्या वर्षी निदान झालं आणि तेव्हापासून अशा मुलांवरचं जे हाती लागेल ते वाचत आलो. लहान मुलांबद्दल पुष्कळ लिहिलेलं सापडतं. निदान, आईची घालमेल, पहिला शब्द, शाळेचा प्रवेश. पण पोराला मिसरूड फुटायला लागलं तशी माझ्या कपाटातली पुस्तकं आटत गेली. या वयाचा मुलगा मध्यभागी ठेवून लिहिलेल्या, मला मनापासून भावलेल्या दोनच. एक मार्क हॅडनची 'द क्युरिअस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' (२००३) आणि दुसरी फ्रान्सिस्को स्टॉर्कची 'मार्सेलो इन द रिअल वर्ल्ड' (२००९).

पहिलीतला ख्रिस्तोफर पंधरा वर्षांचा, इंग्लंडमधल्या स्विंडन गावचा. शेजारणीचा कुत्रा कोणीतरी मारला, त्याचा तपास तो करतो. तपासातून घरचंच सत्य बाहेर येतं: आई मेली नाहीये, बापाने तिची पत्रं लपवून ठेवली होती, आणि कुत्राही बापानेच मारला. मग हा मुलगा एकटा रेल्वेने लंडनला आईकडे जातो. दुसरीतला मार्सेलो सतरा वर्षांचा. बाप वकील. तो अट घालतो की उन्हाळाभर माझ्या फर्ममध्ये टपाल विभागात काम कर, जमलं तर पुढचं वर्ष कोणत्या शाळेत काढायचं ते तू ठरव. तिथे त्याला केराच्या टोपलीत एका मुलीचा फोटो सापडतो, अर्धा चेहरा विद्रूप झालेला. बापाची फर्म ज्या कंपनीची बाजू घेते तिच्याच सदोष काचेने ती जखमी झालेली असते. मार्सेलो बापाच्या विरुद्ध जाऊन त्या मुलीची बाजू घेतो.

दोन्ही मला फार आवडल्या. तरी एक गोष्ट टोचते. दोघांचंही मोठं होणं एका भल्यामोठ्या प्रसंगातून सिद्ध होतं. एकाने लंडन गाठलं, दुसऱ्याने न्याय मिळवून दिला. आमच्या घरी जे चाललंय ते यात कुठे बसवू, कळत नाही. सांगतो.

सहा वर्षांचा असताना तो खोलीत आतून अडकला होता. दार फोडावं लागलं. त्या दिवशी मी घरातल्या सगळ्या दारांच्या आतल्या कड्या काढल्या, बाथरूमचीसुद्धा. दहा वर्षं आमच्या घरात कोणीच कडी लावत नाही, सवय झाली. गेल्या महिन्यात त्याने वहीचं पान फाडून माझ्या चष्म्याखाली ठेवलं. त्यावर एकच ओळ होती: 'माझ्या खोलीला आतून कडी पाहिजे.'

मला आनंद झाला आणि पोटात गोळाही आला. मधला मार्ग म्हणून मी एक गोल लॉक आणलं, आतून बटण दाबायचं, आणि बाहेरच्या बाजूला एक खाच, जिच्यात नाणं फिरवून उघडता येतं. बसवून झाल्यावर त्याने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. एक रुपयाचं नाणं आणलं, दार ओढून घेतलं, बाहेरून उघडलं. परत लावलं, परत उघडलं. सात वेळा. मग मला म्हणाला, "ही कडी बाहेरून आहे. मी आतून लिहिलं होतं."

तेव्हापासून झोप नीट लागत नाही. कडी का हवी ते तो सांगत नाही. आणि मला असं वाटतं की याच्या वाढण्याचा खरा प्रसंग हाच आहे, पण कोणत्याही कादंबरीत दार बंद करून घेणारा मुलगा मला भेटला नाही. तुम्हाला भेटला का? आणि अशा मुलांना कथेत लिहिताना स्वभाव का दिसत नाही, लक्षणंच का दिसतात, यावरही बोलूया.

पुस्तकवाली_धरमपेठ | शनिवार, रात्री ११:३५

दादा, धागा मनाला लागला. पण ख्रिस्तोफरला स्वभाव नाही हे मला मान्य नाही. तो चांगला हट्टी आहे, गणितातल्या हुशारीचा त्याला चांगलाच अभिमान आहे, आणि तो खोटं बोलत नसला तरी सगळं सांगतही नाही. सलग चार लाल गाड्या दिसल्या की चांगला दिवस, चार पिवळ्या दिसल्या की काळा दिवस, असा त्याचा हिशोब असतो. वाचताना आपण हसतो, पण आपणही मांजर आडवं गेलं की थबकतोच ना?

आणि त्या कादंबरीत कुठेही निदानाचं नाव येत नाही, हे मला तिचं मोठं बळ वाटतं. लेखकाने लेबल लावलं नाही, मुलाला बोलू दिलं.

स्टेशनचा प्रसंग आठवा. पाट्या, गर्दी, आवाज यांचा त्याच्या डोक्यात नुसता कालवा होतो. तेव्हा तो जमिनीवर एक लाल रेघ आहे अशी कल्पना करतो आणि डावा, उजवा, डावा, उजवा असं मोजत त्या रेघेवरून चालतो. मी ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी नागपूर मेट्रोच्या सीताबर्डी इंटरचेंजवर पाच मिनिटं नुसती उभी राहिले. अक्वा लाइनवरून ऑरेंज लाइनला जायचं, सरकता जिना, घोषणा, शिट्ट्या. पहिल्यांदाच ते सगळं मला ऐकू आलं. एवढं त्या पानांनी केलं. मोठा प्रसंग आहे म्हणून तो खोटा होत नाही.

सुभाषनगरकर | शनिवार, रात्री ११:५२

ताई, लाल रेघेचं अगदी खरं. ते पान मी बायकोला वाचून दाखवलं होतं. माझं म्हणणं एवढंच की ख्रिस्तोफर निघतो तो भीतीने. बापाने कुत्रा मारला, आता मलाही मारेल, म्हणून. त्याला लंडन हवं होतं असं नाही. आणि शेवटी बाप कुत्र्याचं पिल्लू आणून देतो, गणिताच्या परीक्षेत अव्वल श्रेणी मिळते, आणि आता मी काहीही करू शकतो असं त्याला वाटतं. पण त्या घरात पुढे ठरवणार कोण, ते मोकळंच राहतं. त्या मानाने मार्सेलो बापाशी असहमत होतो, तोंडावर. मला ते जास्त मोठं वाटलं.

शांत_डबा | रविवार, पहाटे १:२०

मी चोवीस वर्षांचा आहे, नागपूरचाच, ऑटिस्टिक. निदान विसाव्या वर्षी झालं. इथे सहसा वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

काका, या गोष्टी आमच्यासाठी लिहिलेल्या नसतात. आमच्या घरच्यांसाठी लिहिलेल्या असतात. त्यामुळे मुलगा किती वाढला हे तो किती कमी ऑटिस्टिक दिसायला लागला यावर मोजतात. पहिल्या प्रकरणात तो डोळ्यांत बघत नाही, शेवटच्या प्रकरणात बघतो. पहिल्या प्रकरणात कोणी हात लावलेला चालत नाही, शेवटी मिठी मारतो आणि सगळे रडतात. हॅडनने किमान तसं केलेलं नाही, हे त्याचं श्रेय. ख्रिस्तोफरला शेवटपर्यंत कोणी धरलेलं आवडत नाही.

मी बारावीपर्यंत डोळ्यांत बघायला शिकलो. समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधे बघायचं, तीन मोजायचं, नजर काढायची. सगळे म्हणाले, किती सुधारला. घरी येऊन मी दिवा न लावता दोन तास पडून असायचो. ते कोणाला माहीत नव्हतं. आपलं वेगळेपण असं लपवत वावरण्याला मास्किंग म्हणतात. एल मॅकनिकॉल नावाची लेखिका स्वतः ऑटिस्टिक आहे. तिच्या 'अ काइंड ऑफ स्पार्क' (२०२०) मध्ये नायिका ॲडी अकरा वर्षांची आहे, पण मी वाचली ती तिच्या मोठ्या बहिणीसाठी, कीडीसाठी. तीही ऑटिस्टिक. कॉलेजात गेल्यावर ती मुखवटा चढवून वावरते आणि त्याने दमून जाते. छापील पुस्तकात मी मला पहिल्यांदा तिथे पाहिलं.

माझं स्वावलंबन मेट्रोने सुरू झालं नाही. मेट्रो मला आवडतेच, थांबे ठरलेले असतात. ते सुरू झालं ऑफिसात, जेव्हा मी सांगितलं की जेवायला मी सगळ्यांसोबत बसणार नाही आणि कामाच्या वेळी हेडफोन लावणार. सांगायला चार महिने लागले. वाक्य कागदावर लिहून पाठ केलं होतं.

अजून एक. मराठीत आमच्यासाठी 'स्वमग्न' म्हणतात. मला तो शब्द चुकीचा वाटतो. मी स्वतःत मग्न नसतो. ट्यूबलाइटची घरघर, कूलरच्या मोटरचा सूर, शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी, शर्टाच्या कॉलरमागचं लेबल, हे सगळं बाहेरचं आहे आणि सगळं एकाच वेळी आत येत असतं. शब्दच असा असल्यावर लेखक तसंच पात्र लिहिणार.

कडीबद्दल: तो का सांगत नाही हे विचारू नका. कडी त्यासाठीच असते.

दोघींची_आई | रविवार, सकाळी ८:०५

शांत_डबा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लिहीत राहा.

माझी थोरली सतरा वर्षांची आहे, ऑटिस्टिक. या सगळ्या चर्चेत मला आधी दिसतं ते हे की प्रवासाला निघतात ते मुलगे. माझ्या लेकीला मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात एकटी पाठवते तेव्हा गॅलरीतून पूर्ण वेळ बघत असते. तिचं स्वावलंबन म्हणजे पाळीचे चार दिवस स्वतः सांभाळणं, पॅड कागदात गुंडाळून टाकणं, कॅलेंडरवर तारीख लिहिणं. ते शिकायला आम्हाला दीड वर्ष लागलं. किती कथांमध्ये वाचलंय तुम्ही हे?

पण त्याहून मोठी गोष्ट सांगते, ती मी स्वतः चुकले आहे म्हणून. चौथ्या वर्षापासून मी तिला ऐकायला शिकवलं. इकडे बघ. बस. हात दे. उठ. प्रत्येक वेळी ऐकलं की बक्षीस, मनुका किंवा स्टिकर. दहा वर्षं आम्ही आज्ञाधारकपणावर घाम गाळला. आणि ती चौदाची झाल्यावर मी एकदम म्हणायला लागले की कोणी हात लावला तर नाही म्हणायचं. कसं म्हणणार ती? नाही म्हणायची सोय मीच ठेवली नव्हती.

मग मुद्दाम सुरू केलं. रोज निदान एका गोष्टीला तिने नाही म्हणायचं आणि घराने ते मानायचं. पहिलं 'नाही' आजीच्या हाताच्या शेवयांच्या खिरीला गेलं. दुसरं मला, चुलतभावाच्या लग्नाला जाण्यावरून. मी हळदीची साडी काढून ठेवली होती. ती दारात उभी राहून म्हणाली, "नाही. बँड." आम्ही दोघी घरी राहिलो. सासरी अजून बोलतात त्यावरून. मला त्या एका शब्दावर कोणी कादंबरी लिहिली तर हवी आहे.

महालवाला | रविवार, दुपारी २:१५

मी काही पुस्तकं वाचणारा मानूस नाही, बायकोनं धागा दाखवला म्हणून लिहून राहिलो. महालात आपलं किराण्याचं दुकान आहे. एक पोरगा येते, असंल पंधरा-सोळाचा. रोज सहा वाजून दहा मिनिटांनी, एकच वस्तू घेते, आधी मोठ्यानं नाव सांगते मग पैसे ठेवते. पहिले वाटे का हे पोरगं उद्धट आहे. कोणी रांगेत मधात घुसलं का थेट सांगते, "तुम्ही माझ्यानंतर आले."

आता आपल्याकडे सुटे नसले का आपण रुपयाच्या जागी चॉकलेट देतो. सगळे घेते, कोणी काही म्हनत नाही. यानं नाही घेतलं. "मला चॉकलेट नको. माझा एक रुपया द्या." मी म्हटलं, बाबू सुटे नाही. तो तिथंच उभा. मागं सहा गिऱ्हाइकं. शेवटी बाजूच्या पानठेल्यावरून रुपया आनला तेव्हा गेला. पहिले मले राग आला. रात्री गल्ला मोजताना वाटलं, बरोबर तर बोलला पोट्टा. रुपया त्याचा होता. आता मी रोज सकाळी सुट्या नाण्याची थैली आनून ठेवतो, सगळ्यायलेच सुटे देतो.

मारबतीच्या दिवशी मातर तो येत नाही. काळी-पिवळी मारबत, म्हंजे मोठाले पुतळे, मिरवनुकीत आमच्या भागातून जाते, ढोल-ताशे, पोरायचा गोंगाट. आदल्या दिवशीच दोन दिवसाचं घेऊन जाते आनि मले सांगून जाते, "परवा येईन, सहा दहा." कोनी शिकवलं नाही त्याले, स्वतःच ठरवते.

तुमाले गोष्टीत स्वभाव पाह्यजे ना, तर हा घ्या.

पुस्तकवाली_धरमपेठ | रविवार, दुपारी ३:००

भाऊ, यापेक्षा चांगलं पात्र मी या वर्षात वाचलेलं नाही. आणि तुम्हीही त्यात बदललात, ते विशेष.

नवा_कथाकार | रविवार, सायंकाळी ६:४०

सगळ्यांचे आभार. मी खरंच मदत मागायला आलो आहे. दिवाळी अंकासाठी कथा लिहितोय. पंधरा वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा, नागपूर. त्याला रेल्वेचं अख्खं वेळापत्रक पाठ आहे. एके दिवशी स्टेशनवर गोंधळ होतो, कोणालाच मार्ग सुचत नाही आणि तो शेकडो प्रवाशांना वाट दाखवतो. शेवटी त्याला नाकारणारी शाळा त्याचा सत्कार करते. आता तुमचे प्रतिसाद वाचून हात थांबला आहे. कुठे चुकतोय?

शांत_डबा | रविवार, रात्री ९:१०

वेळापत्रक पाठ असू द्या, अनेकांना असतं. मलाही काही भाग आहे. पण त्या बदल्यात त्याला जागा देऊ नका. ज्याला काहीच पाठ नाही त्या मुलाने कुठे जायचं?

१९८८ च्या 'रेन मॅन' या हॉलिवूडपटापासून हे चालू आहे, त्यातल्या ऑटिस्टिक माणसाची स्मरणशक्ती अफाट असते. त्या पात्राची कल्पना ज्यांच्यावरून सुचली ते किम पीक, त्यांचं निदानच पुढे वेगळं सांगितलं गेलं. तरी माझ्या प्रत्येक नातेवाइकाने मला एकदा तरी एखादी तारीख देऊन वार विचारला आहे. मला येत नाही.

'माय नेम इज खान'मध्ये (२०१०) तर ऑटिस्टिक नायकाला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षापर्यंत जावं लागतं. इतकं चांगलं असणं फार दमवणारं आहे. तुमच्या कथेतल्या मुलाला सत्कार नको, एखादी हवीशी वस्तू द्या. साधी. आणि ती मिळवताना तो कोणाची तरी गैरसोय करू दे.

दोघींची_आई | रविवार, रात्री ९:३०

आणि आईला रडवू नका, प्लीज. आम्ही बाकीही पुष्कळ काही करतो.

विशेष_शिक्षिका | सोमवार, दुपारी ४:२०

वीस वर्षं या कामात आहे, दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

'स्वतंत्र' म्हणजे मदतीशिवाय, हा अर्थ कथांनी डोक्यात बसवला आहे. आपल्यापैकी कोणीही तसं जगत नाही. माझ्याकडच्या मुलांचं मी एवढंच बघते की मदत कोणाची, केव्हा आणि किती घ्यायची हे तो स्वतः सांगू शकतो का. बोलून, लिहून, चित्राच्या कार्डाने, कसंही. बोलता न येणारा मुलगाही हे सांगतो, पण अशा मुलाला मध्यभागी ठेवलेली कथा शोधायलाच लागते. तिथे त्याच्याऐवजी भाऊ किंवा बहीण निवेदन करते.

ब्रिटनमधले डॅमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये दुहेरी सहवेदनेचा प्रश्न मांडला. म्हणजे असं की ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही हे अर्धंच झालं, इतरांनाही त्याचं मन तितकंच कळत नसतं. दरी दोन्हीकडून आहे. महालवाल्या भाऊंनी रुपयाच्या गोष्टीत हेच सांगितलं.

कथाकारांसाठी एक वास्तव. आपल्याकडे अठरावा वाढदिवस वेगळाच असतो. बाकीच्या मुलांना लायसन्सची घाई, आणि आमचे पालक कागद गोळा करत असतात, कारण मूल सज्ञान झालं की आई-बाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा, त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मात्र मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली, म्हणजे निर्णय दोघांनी मिळून, त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. आता विचार करा, त्या टेबलाजवळ आई, बाबा, अधिकारी बसलेत, सगळे त्या मुलाबद्दल बोलताहेत, आणि मुलगा तिथेच बसला आहे. ही कथा मराठीत कोणी लिहावी असं मला फार वाटतं.

सुभाषनगरकर, कडीबद्दल. तुमची भीती खरी आहे, ती त्याला सांगा. सहा वर्षांचा असताना काय झालं ते त्याला आठवतं का विचारा. आणि नियम त्याला करू द्या.

जुना_सभासद | सोमवार, रात्री ८:१५

सिनेमाचा मुद्दा निघालाच आहे तर: 'यलो' (२०१४) मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या गौरी गाडगीळने स्वतःचीच भूमिका केली होती. विषय वेगळा, पण पोहायला उतरणारी ती मुलगी कोणी दुसरी साकारत नव्हती, त्यामुळे तिचा हट्ट, तिचं हसू पडद्यावर जसंच्या तसं आलं. २०२५ च्या 'सितारे जमीन पर'मध्येही खेळाडूंच्या भूमिकांत तशीच मुलं-माणसं घेतली होती. लिहिणाऱ्यांमध्येही हे व्हायला हवं.

नवा_कथाकार | मंगळवार, सकाळी ७:३०

स्टेशनचा प्रसंग काढून टाकला. सत्कारही. आता मुलाला कूलरसमोरची ठरावीक खुर्ची हवी आहे आणि त्या खुर्चीवर पुण्याहून आलेले मामा बसले आहेत. एवढंच आहे अजून. पण त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकू यायला लागलाय.

सुभाषनगरकर | पुढचा रविवार, रात्री ११:१०

मंडळी, उशीर झाला. सगळ्यांचे प्रतिसाद बायकोला वाचून दाखवले.

बुधवारी त्याला विचारलं, सहा वर्षांचा असताना अडकलास ते आठवतं का. तो म्हणाला, "आठवतं. मी अडकलो नव्हतो. मी लावली होती." दहा वर्षं आम्ही ही गोष्ट सगळ्या नातेवाइकांना उलटी सांगत आलो.

आज दोघे मेट्रोने सीताबर्डीला गेलो. सहावं स्टेशन. हार्डवेअरच्या दुकानात त्याने टॉवर बोल्ट मागितला. दुकानदार मला विचारत होता, किती इंची? मी त्याच्याकडे बघितलं. त्याने खिशातून कागद काढला, दाराच्या चौकटीचं माप लिहून आणलं होतं. चार इंची, पितळी. पाच-सहा बोल्ट पुढेमागे सरकवून आवाज ऐकला आणि सगळ्यात कमी आवाजाचा घेतला. घरी आल्यावर भोकं मी पाडली, स्क्रू त्याने पिळले. दाराला आता एक कागद चिकटवलेला आहे, त्याच्या अक्षरात: 'तीनदा वाजवा. मी हो म्हटलं तर थांबा. काही म्हटलं नाही तर दहा मिनिटांनी परत वाजवा. तेव्हाही काही म्हटलं नाही तर कापायची करवत बाबांच्या कपाटात आहे.' करवतीचं आम्ही कोणी सुचवलं नव्हतं.

सव्वाआठला त्याने कडी लावली. बायकोने टीव्ही बंद केला. आम्ही दोघं हॉलमध्ये बसून होतो, आतून फक्त पंख्याचा आवाज येत होता. ती दोनदा उठली, कागदापर्यंत गेली, वाचून परत आली.

नऊला बाहेर आला. पोळ्या गरम आहेत का विचारलं. जेवला. आत काय करत होता ते आम्ही विचारलं नाही.